डिंक म्हणे!

बुधवार पेठेत, आप्पा बळवंत चौकात जुनं बायोलॉजीचं पुस्तक चाळताना हायड्राची आकृती दिसली, आणि आजचा विषय मिळाला. १७४० च्या दशकात अब्राहम ट्रेंब्लेने हॉलंडमध्ये हा गोड्या पाण्यातला जीव कापला, तर तुकड्यांचे पूर्ण हायड्रा झाले. न्यूरॉनचं जाळंसुद्धा नवं! आपल्याकडे नदीपलीकडच्या आघारकर संस्थेत हायड्रावर वर्षानुवर्षं काम झालंय.

पण हायड्रात ग्लिया पेशी नसतातच. ग्लिया म्हणजे न्यूरॉनच्या सोबतच्या पेशी. १८५६ मध्ये रुडॉल्फ विर्चोने हे नाव दिलं, ग्रीकमध्ये अर्थ डिंक. मला हा अन्यायच वाटतो. समुद्रकाकडी घ्या, तारामाशाची नातलग, आणि हायड्रापेक्षा आपल्या जवळची. तिची मज्जातंतूंची दोरी तुटली की तिथल्या ग्लिया आपलं रूप मोडतात, वाढतात, जखमेवर पूल बांधतात. त्यांच्यातूनच नवे न्यूरॉनही होतात. डिंक म्हणे!

आपल्या मज्जारज्जूला इजा झाली की ग्लिया जखम बांधून घेतात, पण व्रण राहतो आणि गेलेले न्यूरॉन परत येत नाहीत. बाइकवरून पडलेला माझा मित्र तीन वर्षं व्हीलचेअरवर आहे. हे सगळं ऐकून तो म्हणाला, "काकडीला जमतं, मग आपलं कुठे अडलंय?"

तेच तर शोधतायत.