रामराजा : खरा की तोतया?

अठराव्या शतकातल्या महाराष्ट्रावर रहस्यकादंबरी लिहू म्हणणाऱ्याला कथानकासाठी फार दूर जावे लागत नाही. १७५० साली साताऱ्याच्या गादीवर बसलेला रामराजा मुळात कोण होता, एवढा एक प्रश्न घेतला तरी पुरे. त्यात लपवून वाढवलेले मूल आहे, अन्नावर घेतलेली शपथ आहे, किल्ल्यावरची कैद आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकाच साक्षीदाराने दिलेल्या दोन परस्परविरोधी साक्षी आहेत. हा साक्षीदार म्हणजे महाराणी ताराबाई. त्या दोन साक्षी शेजारी शेजारी ठेवून काय दिसते, ते मी येथे पाहणार आहे.

प्रथम पूर्वपीठिका. १७१४ मध्ये राजसबाई आणि तिचा मुलगा संभाजी यांनी पन्हाळ्यावर सत्ता घेतली. ताराबाई आणि तिचा मुलगा शिवाजी कैदेत पडले, आणि हा शिवाजी कैदेतच १७२६ च्या सुमारास वारला. पुढे १७३० मध्ये वारणेकाठी शाहू आणि संभाजी यांच्या फौजांची गाठ पडली. संभाजीचा पराभव झाला आणि ताराबाई साताऱ्याला येऊन राहिली. दुसऱ्या वर्षी झालेल्या तहाने सातारा व कोल्हापूर यांची हद्द ठरली. जी वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते, तीच ही नदी. सांगली भागातल्या या नदीकाठच्या लढाईने ताराबाईला साताऱ्यात आणून ठेवले, हे कथानकाच्या दृष्टीने ध्यानात ठेवावे.

शाहूला पुत्र उरला नव्हता. त्याच्या अखेरच्या वर्षांत वारसाचा प्रश्न निघाला, तेव्हा ताराबाईने सांगितले की आपल्या शिवाजीला मुलगा आहे. राजसबाईच्या भीतीने तो लहानपणीच पन्हाळ्यावरून बाहेर काढला आणि गुप्तपणे वाढवला. शाहूने तिचे म्हणणे मानले. त्याची थोरली राणी सकवारबाई आणि कोल्हापूरची जिजाबाई यांनी मात्र ते मानले नाही. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू वारला. बार्शीजवळच्या पानगावाहून रामराजाला आणले आणि जानेवारी १७५० मध्ये गादीवर बसवले. ग्रँट डफ लिहितो की नागपूरकर रघूजी भोसल्यांनी एक अट घातली होती : ताराबाईने भाऊबंदांसमक्ष रामराजासोबत जेवावे आणि त्या अन्नाची शपथ घेऊन तो आपला नातू आहे असे सांगावे. ही पहिली साक्ष.

वर्ष संपण्याआधीच चित्र पालटले. सप्टेंबरात सांगोल्याच्या करारात रामराजाने कारभार पेशव्यांच्या हाती जाऊ दिला. पंचाहत्तरीला आलेल्या ताराबाईला नातू हवा होता तो आपल्या सल्ल्याने चालणारा. २४ नोव्हेंबर १७५० रोजी तिने त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर अडकवले. ही तारीख त्या वेळच्या जुन्या इंग्रजी गणनेची आहे. आपल्या पंचांगाने तो मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीचा, म्हणजे चंपाषष्ठीचा दिवस होता. आता ती म्हणू लागली की हा भोसलेच नव्हे, गोंधळ्याचा पोर आहे. सप्टेंबर १७५२ मध्ये पेशव्यांशी समेट झाला, तेव्हा जेजुरीला खंडोबासमोर तिने तीच गोष्ट शपथेवर सांगितली. ही दुसरी साक्ष.

साक्षीदार उलटला की न्यायाधीश विचारतो, याचा फायदा काय? पहिल्या साक्षीच्या वेळी ताराबाईला गादीजवळ जायचे होते आणि दुसऱ्या वेळी हातून निसटलेला राजा कैदेत ठेवायचा होता. दोन्ही साक्षी स्वार्थाच्या आहेत, म्हणून केवळ शपथेच्या बळावर एकही ग्राह्य धरता येत नाही. बहुतेक वाचक येथेच थांबतात आणि 'खरा की खोटा' यावर वाद घालतात.

मला खरे रहस्य पुढच्या टप्प्यात दिसते. जेजुरीच्या शपथेनंतर रामराजा तोतया ठरला असेल, तर गादी रिकामी झाली. शिवछत्रपतींचा सख्खा नातू, कोल्हापूरचा संभाजी, १७६० पर्यंत हयात होता. त्याला कोणी बोलावले नाही. नानासाहेब पेशव्यांनी दुसरा राजाही शोधला नाही. रामराजा छत्रपती राहिला आणि कैदीही राहिला. ताराबाईला त्याची कैद हवी होती, पेशव्यांना त्याचे नाव हवे होते, आणि शपथेने दोघांचेही काम झाले.

याला तुलना आहे ती भाऊसाहेबांच्या तोतयाची. पानिपतानंतर सदाशिवराव म्हणून पुढे आलेल्या माणसाची पुणे दरबाराने चौकशी केली, साक्षी घेतल्या, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा दिली. तोतया ओळखण्याची आणि निकाल लावण्याची रीत पेशवाईला ठाऊक होती. रामराजाच्या बाबतीत तसा निकाल कधीच लागला नाही, कारण तो लागण्यात कोणाचाच लाभ नव्हता.

डिसेंबर १७६१ मध्ये ताराबाई वारली. १७६३ मध्ये माधवराव पेशव्यांनी रामराजाला मोकळे केले आणि नाममात्र का होईना, त्याचे पद राखले. तेविशी-चोविशीत गडावर गेलेला तरुण बारा वर्षांहून अधिक काळानंतर खाली आला होता. १७७७ मध्ये मृत्यूपूर्वी त्याने वावीच्या भोसल्यांच्या घरातला मुलगा दत्तक घेतला. तोच दुसरा शाहू, आणि १८३९ मध्ये इंग्रजांनी पदच्युत केलेले प्रतापसिंह महाराज हे त्याचे पुत्र. म्हणजे रामराजाच्या जन्माविषयी कोणी काहीही म्हणो, दत्तकाने भोसल्यांचे रक्त गादीवर आले आणि त्या दत्तकाचा अधिकार रामराजाच्याच छत्रपतिपदावर उभा राहिला.

म्हणून कादंबरीकाराने शेवटच्या प्रकरणात रामराजाचे आईबाप शोधू नयेत, असे मला वाटते. त्याने एवढेच दाखवावे की ज्याच्या रक्तावर दोनदा शपथा वाहिल्या गेल्या, त्याच्याच आयुष्याची बारा वर्षे त्या शपथांनी खाल्ली. गुन्हा कोणाचा, हे मग वाचकाला वेगळे सांगावे लागणार नाही.