परिपूर्तीचा हिशेब

आईपण आणि विद्याव्यासंग एकाच आयुष्यात कसे बसवावेत, हा प्रश्न निघाला की मराठीत इरावती कर्वे यांचे नाव हटकून पुढे येते. ते रास्तच आहे. परंतु हा दाखला देताना त्यामागची परिस्थिती आपण बहुधा गाळतो, असे आम्हांस वाटते.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ चा. मुंबईस घुर्यांच्या हाताखाली एम. ए. झाल्यावर १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या आणि १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्या. स्त्रीशिक्षणाचे अध्वर्यू असलेल्या महर्षी कर्व्यांनाच सुनेचे हे जाणे पसंत नव्हते. पती दिनकरराव मात्र ठाम राहिले. पुढे १९३१ ते १९३६ महिला विद्यापीठाचे कुलसचिवपद आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेज. जाई, आनंद व गौरी ही तिन्ही अपत्ये १९३२ ते १९४२ या दशकातली, म्हणजे कारकीर्द उभी राहण्याच्याच काळातली. भारतीय नातेव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला.

'परिपूर्ति' हा त्यांचा ललितलेख वाचकांना स्मरत असेल. सभेत कुणाची कन्या, कुणाची सून, कुणाची पत्नी अशी ओळख करून दिली जाते. काहीतरी उणे राहिल्याची रुखरुख लागते. आणि रस्त्यावरची मुले 'कर्व्याची आई' म्हणून ओळखतात तेव्हा ती ओळख पुरी होते. काहींना यात मातृत्वाचा गौरव दिसतो. आम्हांस त्यात मिस्कील उपरोधही दिसतो. नात्यांच्या संज्ञांचा अभ्यास करणारी विदुषी स्वतःच त्या संज्ञांत बंदिस्त होते आणि तिची विद्या त्या यादीत कुठेच येत नाही!

दिनकररावांची साथ, सुशिक्षित सासर आणि कायम नोकरी हे तिन्ही आधार त्यांना होते. त्याच काळी बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठ दूर हैदराबादेत, आणि माध्यम उर्दू. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ मध्ये. अंबाजोगाईची किंवा माजलगावची मुलगी बुद्धीने उणी नव्हती. तिच्यासाठी दारच उशिरा उघडले.

आज दार उघडे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी संशोधक स्त्रीला २४० दिवसांपर्यंतची रजा आणि पीएच. डी. साठी दोन वर्षांची वाढीव मुदत दिली. परंतु तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला तास घेतला तरच मानधन. बाळंतपणात तास बुडतात, मानधन थांबते, आणि पुढील सत्रात नेमणूक होईलच याची शाश्वती नसते. प्रबंधाची मुदत वाढली तरी घर चालवण्याची मुदत कोण वाढवणार?

म्हणून इरावतीबाईंचे नाव घेऊन कुणा तरुण अध्यापिकेला 'त्यांनी केले, तू का नाही?' असे विचारू नये. त्यांच्या कर्तृत्वाइतकेच त्यांना लाभलेले आधारही मोजावेत, आणि ते आधार आज बीडच्या प्राध्यापिकेला कोण देणार, हे संस्थांना विचारावे. इतिहासाचा उपयोग तिला लाजवण्यासाठी नसून त्या मोजदादीसाठी आहे.