मुद्रा आणि कस

छपाई नव्हती, वृत्तपत्रे नव्हती, अशा काळात ब्रिटनपासून सीरियापर्यंत पसरलेल्या साम्राज्यातील प्रजेला रोमच्या सम्राटाची ओळख पटे ती मुख्यत्वे नाण्यांवरून. इ. स. पूर्व ४४ मध्ये ज्यूलियस सीझरची मुखमुद्रा तो हयात असतानाच रोमच्या नाण्यांवर उमटली. तोवर हा मान देवदेवतांचा आणि दिवंगत पूर्वजांचा होता. ऑगस्टसच्या काळात ही प्रथा स्थिरावली.

नाण्याच्या एका बाजूस सम्राट आणि दुसऱ्या बाजूस त्याचे सांगणे, अशी ही योजना होती. इजिप्त जिंकल्यावर ऑगस्टसने नाण्यावर मगरीची आकृती उमटवून त्या विजयाची अक्षरे घातली. इ. स. ७० मध्ये जेरुसलेम पडले आणि व्हेस्पेशियनच्या नाण्यांवर खजुराच्या झाडाखाली शोक करीत बसलेली ज्यूडिया दिसू लागली. जिंकलेल्यांचा अभिमान व हरलेल्यांचे दुःख एकाच चलनातून हातोहात फिरले.

परंतु चित्र आणि धातू यांची संगत टिकली नाही. इ. स. ६४ च्या सुमारास नीरोने देनारियस या चांदीच्या नाण्याचे वजन आणि कस दोन्ही घटविले. पुढे इ. स. २६० मध्ये सम्राट व्हॅलेरियन इराणच्या पहिल्या शापूरच्या हाती जिवंत सापडला. त्याचा पुत्र गॅलिएनस याच्या कारकीर्दीत प्रांत फुटले आणि चांदीची म्हणविली जाणारी नाणी वरून मुलामा व आत तांबे अशी हिणकस झाली. त्यांवर मात्र शांती, विजय, समृद्धी आणि सैन्याची निष्ठा यांच्या मूर्ती पूर्ववत् विराजमान होत्या. इ. स. २६८ मध्ये गॅलिएनसचा वध झाला, तो त्याच्याच सेनाधिकाऱ्यांच्या कटातून.

मिरी, मोती आणि तलम वस्त्रे यांच्या मोबदल्यात आलेली रोमन नाणी दक्षिण भारतात विपुल सापडली आहेत. त्यांतील चांदीच्या नाण्यांत ऑगस्टस व टायबेरियस यांची, म्हणजे नीरोने कस घटविण्यापूर्वीची, नाणी बहुसंख्य आहेत. सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव घातलेली नाणीही त्यांत आढळतात. येथील व्यापाऱ्याला मोल होते ते मुख्यतः धातूचे. मुद्रा कोणाची, हा प्रश्न दुय्यम होता.

म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाला ही नाणी दोनदा वाचावी लागतात. राजसत्तेला स्वतःविषयी काय सांगावयाचे होते, हे मुद्रेवरून कळते; तिची प्रत्यक्ष स्थिती काय होती, याची साक्ष कस देतो.