पू-जिये आणि त्याचे दोन विवाह

चीनचा अखेरचा सम्राट पू-यी याच्या चरित्राला वाचकांची वाण कधी पडली नाही; परंतु त्याच मातेच्या उदरी वर्षभराने जन्मलेला त्याचा बंधू पू-जिये याचे आयुष्य मला अधिक हृद्य वाटते, कारण तख्ताच्या निकट वाढूनही तख्ताचा अधिकार ज्याला नाही, अशा पुरुषाच्या संसाराचे निर्णयही परस्पर कसे होतात, हे तेथे फार स्पष्ट दिसते.

बालपणी निषिद्ध नगरीत दोघे भाऊ लपंडाव खेळत असता पू-यीची दृष्टी धाकट्याच्या बाहीतील पिवळ्या अस्तरावर गेली आणि खेळ जागच्या जागी थांबला. हा जर्दाळूचा पिवळा आहे, असे पू-जियेने परोपरीने सांगितले. पण हा बादशाही पिवळाच आहे व तुला तो वर्ज्य आहे, असे थोरल्याने बजावताच तो हात खाली सोडून चाकरासारखा उभा राहिला. त्या वेळी प्रजासत्ताक स्थापन होऊन काही वर्षे लोटली होती, राजवाड्याच्या भिंतींपलीकडे सम्राटाचे फर्मान कोणी मानीत नव्हते, तरी भावाभावांतील ती मर्यादा तसूभरही ढळली नव्हती.

१९२४ मध्ये राजघराण्यातील वडीलधाऱ्यांच्या मसलतीने तांग शी-शिया या मांचू सरदारकन्येशी त्याचा विवाह झाला. ती अंतःपुरातील एका ज्येष्ठ राणीची भाची. हा संबंध जुळला नाही, अपत्य झाले नाही, आणि १९२९ मध्ये पू-जिये जपानला शिक्षणासाठी गेल्यावर तो नावापुरताच उरला.

मांचुरियात जपानने उभारलेल्या मांचुकुओ राज्याच्या गादीवर पू-यीला बसविणाऱ्या जपानी सेनाधिकाऱ्यांना तो निपुत्रिक असल्याची जाणीव होती. म्हणून पू-जियेला जपानी वधू मिळावी असा घाट त्यांनी घातला, आणि १९३७ च्या मार्चमध्ये वारसाहक्काचा असा कायदा केला की, सम्राटाला पुत्र नसल्यास गादी भावाकडे व पुढे भावाच्या पुत्राकडे जावी. पुढच्याच महिन्यात, ३ एप्रिलला, तोक्योत सागा या सरदारघराण्यातील हिरो हिच्याशी त्याचा विवाह झाला. पू-यीला या भावजयीचा इतका संशय की, तिच्या हातचे अन्न खाण्याचीही त्याला धास्ती वाटे. पुत्र मात्र झालाच नाही. हुइ-शंग व हू-शंग या दोन कन्या झाल्या, आणि लष्कराने राज्यकारभाराच्या सोयीसाठी मांडलेल्या त्या संसारात खरा, अविचल स्नेह रुजला, ही गोष्ट मला त्या काळातील पुष्कळ लढायांहून मोलाची वाटते.

१९४५ मध्ये दोघे भाऊ सोव्हिएत फौजेच्या हाती लागले. हिरो धाकट्या मुलीसह कैदेत व वणवणीत दीड वर्ष काढून जपानला पोहोचली. पू-जिये पाच वर्षे रशियात आणि दहा वर्षे चीनमधील फूशुनच्या बंदिशाळेत राहिला. आजोळी वाढलेल्या हुइ-शंगने पित्याची वार्ता कळावी म्हणून चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांना चिनी भाषेत पत्र लिहिले, आणि त्यानंतर पतिपत्नींचा पत्रव्यवहार सुरू झाला. दुर्दैवाने तीच मुलगी १९५७ च्या डिसेंबरात, एकोणिसाव्या वर्षी, आमागी पर्वतावर एका सहाध्यायी तरुणासह मृतावस्थेत आढळली. पित्याला ते बंदिशाळेतच कळले.

१९६० मध्ये सुटका झाल्यावर पत्नीला बोलावण्याच्या त्याच्या इच्छेस पू-यीचा प्रथम विरोधच होता. पण चौ एन-लाय यांनी मध्यस्थी केली, आणि १९६१ मध्ये सोळा वर्षांच्या ताटातुटीनंतर हिरो चीनमध्ये परतली. पुढची सव्वीस वर्षे दोघांनी पेकिंगमध्ये एकत्र काढली. १९८७ मध्ये तिचे तेथेच निधन झाले. पू-जिये १९९४ पर्यंत जगला, आणि त्याने पुन्हा विवाह केला नाही.