पावलांना ठेका

आषाढी वारीत तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. दिंडीत पावली खेळणाऱ्यांचे पाय पाहावेत. पाऊल केव्हा उचलायचे याचा विचार तिथे कोणी करत नाही. टाळ-मृदंग ते ठरवतात. पार्किन्सनच्या आजारात बाहेरच्या खुणेने हालचालीची वेळ साधणे हाच या पुस्तिकेचा विषय आहे.

जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचे वर्णन 1817 मध्ये केले. मेंदूतल्या डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. हाताचा कंप चारचौघांना दिसतो, पण हालचालीची वेळ चुकू लागली आहे हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मेट्रोनोमच्या टकटकीबरोबर बोट आपटायला सांगितले आणि मधेच आवाज बंद केला, तर निरोगी माणूस ती लय बऱ्यापैकी धरून ठेवतो. पार्किन्सनमध्ये ती लवकर विस्कटते. चालतानाही तेच होते. पावले आखूड पडतात, घाईची होतात, आणि दाराच्या उंबरठ्याशी किंवा लिफ्टच्या तोंडाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात.

तोच माणूस जिना मात्र सहज चढतो! पुण्यात वाढलेल्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी आपल्या एका आप्ताच्या बाबतीत हे पाहिले आणि सपाट जमिनीवर पायऱ्यांचा आभास देणारे चित्र मांडले. पाय चालू लागले. घरी हेच रंगीत चिकटपट्टीने करता येते. वाटेत आडव्या पट्ट्या एकेका पावलाच्या अंतरावर लावायच्या आणि प्रत्येक पट्टी ओलांडायची. आपणहून सुरू होणारी हालचाल मेंदूतल्या बेसल गँग्लियावर फार विसंबते; डोळ्याला किंवा कानाला खूण मिळाली की लहान मेंदू आणि इतर मार्ग मदतीला येतात. त्यात नुसत्या अवधानाचा वाटा किती, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.

युरोपातल्या ‘रेस्क्यू’ चाचणीत (2007) 153 रुग्णांना घरी जाऊन तीन आठवडे अशा खुणांचा सराव दिला गेला. चाल सुधारली, पण थोडीच. सराव थांबल्यावर तो फायदाही ओसरत गेला. माझ्या मते या चाचणीतला सर्वांत मोलाचा निष्कर्ष हाच. खूण दवाखान्यापुरती राहून चालत नाही, ती घरात रोजची व्हावी लागते. म्हणूनच पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळातले शुभार्थी, म्हणजे रुग्ण, आणि त्यांची काळजी घेणारे शुभंकर, तसेच हृषीकेश पवार यांचे रुग्णांसाठीचे नृत्यवर्ग, यांचे काम मला संशोधनाइतकेच महत्त्वाचे वाटते.

एक काळजी घ्यावी. ठेका फार जलद ठेवला तर पाय अडणाऱ्यांची पावले आणखी आखूड होतात. औषधे कमी करू नयेत. खुणा त्यांच्या जोडीला आहेत, त्यांच्या जागी नाहीत.

आकुर्डीत अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत, पिंपरीत फिजिओथेरपीचे. दोघांनी एकत्र बसून आपल्याकडच्या ठेक्यांवर, आपल्या घरांतल्या उंबरठ्यांवर मोजमापे घ्यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. घरच्या मंडळींनी पुढचे प्रकरण उघडण्यापूर्वी एवढेच करावे. आपला माणूस स्वतःच्या चालीने एका मिनिटात किती पावले टाकतो ते मोजून वहीत लिहून ठेवावे. ठेका त्या आकड्यापासूनच सुरू करायचा आहे.