सुभद्रेची झोप

अभिमन्यू चक्रव्यूहात मारला गेला तो कोणामुळे? कोणत्याही घरातल्या आजीला विचारा, उत्तर ठरलेलं आहे: सुभद्रा झोपली म्हणून. व्यूह कसा फोडायचा ते अर्जुन सांगत होता, पोटातलं पोर ऐकत होतं, आणि बाहेर पडायची युक्ती यायच्या आत आईचा डोळा लागला. एकट्या पोराला घेरून मारणारे महारथी मोकळे सुटले आणि दोष एका पोटुशी बाईच्या डुलकीवर येऊन बसला. द्रोणपर्वात अभिमन्यू स्वतः युधिष्ठिराला सांगतो, की वडिलांनी मला व्यूहात शिरायला शिकवलंय, बाहेर पडायला नाही. त्या संवादात सुभद्रा नाही, तिची झोपही नाही. ती लोकांनी मागाहून घातली.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाला अपाय करणाऱ्या गोष्टींची यादी आहे. सदा झोपून राहणाऱ्या आईचं मूल सुस्त आणि मंदबुद्धी निपजतं, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे जुना आरोप जास्त झोपल्याचा होता. आजचा आरोप कमी झोपल्याचा आहे: गरोदर बाई रात्री सलग झोपली नाही तर बाळाचा मेंदू कच्चा राहतो आणि मूल चिडकं, रडकं निघतं. गर्भसंस्काराच्या वर्गांत हे ऐकायला मिळतं, मोबाइलवरच्या रीळमध्ये ऐकायला मिळतं, आणि आता ‘संशोधन सांगतं’ अशी पुस्ती जोडून वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतही.

आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी सातव्या महिन्यात असताना एका सकाळी दारात आली आणि मनगटावरचं घड्याळ पुढे करून म्हणाली, “काकू, आजपण पाच तास बाराच मिनिटं.” डोळे सुजलेले. पहाटे साडेतीनला जाग आल्यावर तिने पहिलं काम केलं होतं ते हा आकडा बघण्याचं, आणि मग उजाडेपर्यंत तिला झोप आलीच नाही. “बाळाचं नुकसान मीच करतेय ना?” हा तिचा प्रश्न. त्या प्रश्नासाठी हा लेख लिहिते आहे.

आधी पूर्वपक्ष. तो लेचापेचा नाही. २०२५ मध्ये चीनमधल्या सात हजारांवर माय-लेकरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणी सात तासांपेक्षा कमी झोपलेल्या आयांच्या मुलांत विकास मागे पडण्याचा धोका जास्त दिसला. इंग्लंडच्या एव्हन भागात १९९१-९२ च्या सुमारास गरोदर असलेल्या हजारो बायकांचा वर्षानुवर्षं माग ठेवला गेला. शेवटच्या महिन्यांत फार चिंतेत असलेल्या आयांच्या मुलांना चौथ्या वर्षी वागणुकीच्या आणि भावनांच्या अडचणी जास्त आढळल्या. गाभण उंदरिणींना झोपू दिलं नाही तर पिल्लांच्या मेंदूतल्या स्मरणाच्या भागात बदल होतात, हेही प्रयोगांत दिसलं आहे. आईचं मेलाटोनिन वार ओलांडून बाळापर्यंत जातं आणि त्याला दिवसरात्रीची खूण देतं, हे तर पक्कं आहे. एवढं सगळं मान्य करूनच बोलायला हवं.

पण यातून ‘तुझी जाग म्हणजे बाळाची हानी’ हे निघतं का?

मुळात घोळ आहे तो दोन झोपा एक मानण्यात. बाळाची झोप बाळाचीच असते. साधारण २८ ते ३२ आठवड्यांपासून त्याच्या विसाव्याचे आणि हालचालीचे फेरे ओळखू येऊ लागतात, आणि ३६ व्या आठवड्याच्या सुमाराला शांत झोप, चळवळी झोप, जाग असे वेगवेगळे टप्पे स्पष्ट दिसतात. आई जागी असो वा निजलेली, ते आपल्या फेऱ्याने झोपतं. रात्री आई आडवी झाली की पोटात धुडगूस सुरू होतो, हे कोणत्या बाळंतिणीला सांगायला हवं? १९६६ मध्ये रॉफवर्ग, मुझिओ आणि डीमेंट यांनी मांडलं, की जन्माआधी आणि जन्मल्यावर लगेच जी चळवळी झोप इतकी भरपूर असते, ती वाढत्या मेंदूला आतून चालना देण्यासाठी असावी. आयोवा विद्यापीठात मार्क ब्लमबर्ग यांनी उंदरांच्या पिल्लांमध्ये दाखवलं, की झोपेत हातपाय फुरफुरतात त्यातून मेंदू स्वतःच्या शरीराची ओळख करून घेतो. मेंदू घडवणारी झोप आहे ती ही, पिल्लाची स्वतःची. तिचं सगळं श्रेय आणि सगळा धाक आईच्या पारड्यात टाकून आपण मोकळे झालो आहोत.

उंदरिणींचं म्हणाल तर त्या प्रयोगांत जनावराला जागं ठेवतात कसं, ते बघावं. एक रीत अशी: पाण्यात छोटासा चौथरा, त्यावर उंदरीण, डोळा लागला की पाण्यात पडते. तिथे झोप हिरावली जाते, तशीच ऊबही जाते, जागा आखडते, भीती बसते. पिल्लांत जे दिसलं त्याचं माप एकट्या झोपेच्या पदरात कसं घालणार? आणि रात्री चारदा लघवीला उठून पुन्हा झोपणारी बाई ही त्या चौथऱ्यावरची उंदरीण नव्हे.

माणसांच्या अभ्यासांत अडचण वेगळी आहे. झोप किती झाली हे बहुतेक वेळा आईला विचारून लिहितात. शिकागोत मध्यमवयीन लोकांच्या मनगटाला यंत्र बांधून तपासलं, तेव्हा त्यांची मोजलेली झोप सरासरी ६ तास आणि त्यांनी सांगितलेली ६.८ तास निघाली. पुढे बाळ चिडकं आहे की शांत, हेही पुष्कळदा त्याच आईला विचारतात. खचलेल्या मनाच्या बाईला स्वतःची रात्रही वाईट वाटते आणि बाळाचं रडणंही असह्य होतं. दोन उत्तरं एकाच मनातून आली, तर त्यांचा मेळ बसणारच.

शिवाय चिंता, हलकी झोप, चंचलपणा हे रक्तातूनही उतरतं. कार्डिफ विद्यापीठाच्या फ्रान्सिस राइस यांनी ही गाठ मोठ्या कल्पकतेने सोडवली. कृत्रिम गर्भधारणेतून झालेल्या मुलांत काही आयांचं मुलाशी जनुकीय नातं होतं, काहींचं बीजांड दुसऱ्या स्त्रीचं होतं. २०१० मध्ये त्यांनी दाखवलं, की गरोदरपणीच्या ताणाचा जन्मवजनाशी आणि मुलाच्या बेछूट वागण्याशी संबंध दोन्ही गटांत दिसतो. मात्र लक्ष न लागण्याच्या तक्रारीशी तो फक्त जनुकीय नातं असलेल्या जोड्यांत दिसतो. म्हणजे तिथे पोटातल्या नऊ महिन्यांपेक्षा वारसा बोलत होता. हा अभ्यास ताणाचा आहे, झोपेचा नव्हे, पण झोपेबद्दल बोलणाऱ्याने त्याला वळसा घालून चालणार नाही.

आणि वार म्हणजे उघडं दार नव्हे. आईच्या कॉर्टिसॉलचा, म्हणजे ताणाच्या संप्रेरकाचा, मोठा भाग निष्क्रिय करणारं विकर तिथे असतं. एका जागरणाचा ताण तसाच्या तसा बाळावर ओतला जावा, अशी निसर्गाची रचनाच नाही.

मग गरोदरपणीची झोप बिनमहत्त्वाची का? मुळीच नाही. माझं म्हणणं इतकंच, की झोपमोड ही बहुधा खूण असते, आणि खुणेला गुन्हा समजलं की रोग तसाच राहतो. जोराने घोरणारी, झोपेत श्वास अडकून दचकणारी गरोदर बाई घ्या. अशा बायकांत रक्तदाब वाढण्याचा आणि गरोदरपणीच्या मधुमेहाचा धोका जास्त असतो. तिला ‘शांत संगीत ऐक’ म्हणून काय होणार? तिचा श्वास तपासायला हवा. २८ व्या आठवड्यानंतर झोपताना कुशीवर झोपावं, या सल्ल्यालाही भक्कम आधार आहे. उताण्या निजण्याचा संबंध मृत बाळ जन्मण्याशी आढळला आहे. (उताणं निजू नये हे चरकही सांगतो, कारण मात्र वेगळं देतो; तरी सल्ला टिकला, याचं श्रेय त्याला द्यायला हवं.) मध्यरात्री अचानक जाग येऊन उताणं असल्याचं लक्षात आलं तर कूस बदलायची, घाबरायचं नाही.

मनाचं दुखणं तर सगळ्यांत दुर्लक्षित. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य आढळलं. त्यामागे गरिबी होती, नवऱ्याची मारझोड होती, मुलगी झाल्याचा रोष होता. त्याच कामातून पुढे दिसलं, की अशा आयांची बाळं सहाव्या महिन्यात वजनात आणि बौद्धिक विकासात मागे पडतात. या बायकांची झोप उडालेली असेल यात नवल नाही. पण झोपेचा सल्ला देऊन त्या घरातलं काय बदलणार होतं?

परिस्थितीचं वजन किती, ते एका वादळाने दाखवलं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये जानेवारी १९९८ मध्ये बर्फाचं वादळ झालं, काही घरांत पाच-सहा आठवडे वीज नव्हती. त्या वेळी गरोदर असलेल्या बायकांच्या मुलांचा सुझान किंग यांनी माग घेतला. मुलांच्या भाषेशी आणि बुद्धीशी नातं दिसलं ते आईला किती भीती वाटली याच्यापेक्षा तिचे प्रत्यक्षात किती हाल झाले याचं. हाल कमी करणं आईच्या मनोनिग्रहावर सोडता येत नाही. बीडहून ऊसतोडीला गेलेली पोटुशी बाई पहाटे तीन-चारला उठून भाकऱ्या थापते, फडात जाते, डोक्यावर मोळ्या वाहते, आणि गाडी भरायची वेळ रात्रीची आली तर रात्रीही उभी असते. रात्री आठ तास आणि दुपारी दोन तास विसावा घे, असं आपली आरोग्यव्यवस्था गरोदर बाईला सांगते. ते दोन तास खोपटातल्या बाईला कोण देणार? कोयत्याचा, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा, एक दिवस बुडाला तर त्याची कपात आगाऊ घेतलेल्या उचलीतून होते. कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने मिळालेल्या २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेतही प्रसूतीआधी जास्तीत जास्त ८ आठवडे घेता येतात, आणि तीही नोकरीचा कागद हातात असलेल्या बाईला. बाळाच्या मेंदूची काळजी असेल तर वाद इथे घालायला हवा.

वरच्या मजल्यावरच्या मुलीला मी विचारलं, “अगं, जाग येते ती कशाने?” ती म्हणाली, “पाय. आडवी झाले की नुसते चाळवत राहतात, कुठे ठेवू कळत नाही.” हे तिने कोणाला सांगितलंच नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. या चाळवणाऱ्या पायांचा लोहाच्या कमतरतेशी जवळचा संबंध आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायका रक्तक्षयी आढळल्या, आणि बाळाच्या मेंदूतल्या मज्जातंतूंवरचं आवरण घडायला लोह लागतंच. तिच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, लोहाचा साठा तळाला गेलेला निघाला. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी पाय निवले. घड्याळ तिने ड्रॉवरमध्ये ठेवलंय. पहाटे पाचला नळ येतो तेव्हा आता तिचा नवरा उठतो. बादल्या भरल्याचा आवाज मला खाली ऐकू येतो.