तेराशे पन्नास बायका

१९१८चा इन्फ्लुएन्झा म्हटलं की आपल्याला आठवतात ते कोट्यवधी बळी. मला मात्र त्यातला एक छोटा आकडा जास्त छळतो. जॉन हॅरिस या अमेरिकन डॉक्टरने १९१९ साली १,३५० गर्भवती रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या २७ टक्के दगावल्या होत्या. न्यूमोनिया झालेल्यांमध्ये तर निम्म्याहून जास्त.

कारण तसं सरळ आहे. पोट वाढतं तसं श्वासपटल वर ढकललं जातं, फुफ्फुसांना जागा कमी पडते आणि प्राणवायू मात्र दोन जिवांना लागतो.

१९५७च्या साथीत हेच दिसलं. २००९च्या स्वाइन फ्लूतही. आता गंमत बघा (गंमत कसली!): २०२०मध्ये करोनाच्या लशींच्या सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांतून गर्भवतींना वगळलं. का, तर काळजी म्हणून. भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ला सुरू झालं. गर्भवतींना मुभा मिळाली २ जुलैला. तोवर दुसरी लाट येऊन गेली होती.

जुना बग परत आला की आम्ही प्रोग्रामर आधी विचारतो, याची टेस्ट का नव्हती? इथे तर बग शंभर वर्षं नोंदवलेला होता.

आणि बाळाचं काय? सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. आईने गरोदरपणी घेतली तर अँटिबॉडीज वारेतून त्याच्यापर्यंत पोचतात. तेव्हा मंडळी, घरात कुणी गरोदर असेल तर डॉक्टरांना या लशीबद्दल जरूर विचारा.